पुढची सीट

ही घटना खरी आहे. यातली नावं मी बदलणार होतो, पण ज्याची ही गोष्ट आहे तोच म्हणाला, "बदलू नकोस. माझं नाव राहू दे."

आधीच सांगतो, अमावास्या, स्मशान, रात्री बाराचा ठोका, असलं काही इथे मिळणार नाही. जे घडलं ते भर उन्हात घडलं. गेल्या मे महिन्यातला बुधवार, सकाळी साडेअकरा ते दुपारी अडीच. जागा, मोरा बंदर ते पनवेल.

प्रणित माझा रूममेट. पनवेलजवळ करंजाड्यात आम्ही दोघं दोन खोल्यांत भाड्याने राहतो. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. मूळचा उरणच्या मोऱ्याचा, कोळ्याचा पोरगा. वडील दयाराम मासेमारी करतात. आई भीमाबाई मासळी विकायची. विकायची म्हणतो, कारण दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. आठवड्यातून तीनदा पनवेलला डायलिसिस. ती त्याला 'मशीन' म्हणायची. रिक्षा, मग बस, मग परत रिक्षा. येताना तर तिला धड उभंही राहवायचं नाही.

म्हणून दयारामकाकांनी धाकटी होडी विकली आणि आलेले पैसे पोराच्या हातात दिले.

"जुनी बघ, पन चार दाराची बघ," ते म्हणाले. "सीट उंच पायजे. तुज्या आयचे गुडघे वाकत नाय."

प्रणित कामाला लागला. परीक्षेसाठी कधी बसला नसेल इतका तो या अभ्यासाला बसला. तीन आठवडे व्हिडिओ, मायलेज, इन्शुरन्स, कुठला पार्ट कुठे मिळतो. पनवेलच्या एका निवृत्त शिक्षिकेची पांढरी गाडी सापडली. चार दारं, उंच सीट, जपून वापरलेली. आईला नेऊन आत बसवलं. तिने सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, "हीच घेव."

आणि त्याच संध्याकाळी त्याने ती लाल गाडी पाहिली.

रोडपालीत, एका बिल्डिंगखाली. कंपनीचं नाव सांगत नाही. दोन दारं, बुटकी, आवाज असा की ऐकून सगळी बिल्डिंग गॅलरीत यावी. मागच्या सीटवर माणूस मावत नाही, फार तर कॉलेजची बॅग मावते. आणि किंमत त्याच्या आवाक्यात. इतकी आवाक्यात, की शहाण्याला तिथेच शंका आली असती. पण गाडीच्या बाबतीत आमचा प्रणित शहाणा नव्हता.

मालकाचं नाव हरेश. तिशीतला, चांगल्या नोकरीतला, एकटाच राहणारा.

"आईसाठीच वापरायचो," हरेश म्हणाला. "तिला पुढे बसायला आवडायचं."

"मग विकताय का?"

"ती गेली."

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे जुनं वाहन घेताना काही करतात का? असेल तर सांग. मी करतो."

आता इथे नीट लक्ष द्या.

प्रणितच्या घरात जुनी होडी घेताना एक रीत आहे. आदला मालक स्वतः येतो. त्या होडीवर जे जे वावरले, त्यातले जिवंत आणि गेलेले, सगळ्यांची नावं घेतो आणि म्हणतो, "उतरा." मग नारळ फोडतो. त्यानंतरच नवा मालक होडीत पाय टाकतो. दयारामकाकांनी त्याच सकाळी बजावलं होतं, गाडी असली म्हणून काय झालं, उतरवून घे.

पण रोडपालीच्या फ्लॅटवाल्यासमोर हे सांगायची प्रणितला लाज वाटली.

"नाही हो," तो हसला. "आम्ही नाही मानत असलं काही."

हरेश त्याच्याकडे बघत राहिला. मग गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. पुढच्या सीटचं दार उघडलं... आणि धरून ठेवलं. म्हातारं माणूस उतरताना धरतो तसं. ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाला.

वाट बघितली...

मग दार हळूच लावलं.

"काय झालं?"

"काही नाही. सवय."

आणि कोणी न मागता त्याने किंमत अजून उतरवली.

गाडी मोऱ्याला आली तेव्हा दयारामकाका बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. "हिच्यात तुजी आय कशी बसंल?"

"ती चार दाराची आधीच विकली गेली, बाबा."

"आदल्या मालकानं उतरवलं ना?"

"हो."

एका दमात दोन थापा.

दुसऱ्याच दिवशी तो मोऱ्याहून एकटा कॉलेजला निघाला.

टिंग... टिंग... टिंग...

बाजूच्या सीटवर माणूस बसला आणि त्याने बेल्ट लावला नाही की वाजतो, तो आवाज. सीटवर काही नव्हतं. बॅग नाही, साधा रुमालही नाही.

कळंबोलीच्या मेकॅनिकने सगळं तपासलं. म्हणाला, "सेन्सर ठीक आहे. सीटवर वजन असल्याशिवाय हा वाजत नाही."

"पण वजन नाहीये ना."

मेकॅनिकने खांदे उडवले आणि पैसे घेतले नाहीत.

प्रणितने सोपा उपाय काढला. रिकाम्या सीटला बेल्ट लावून टाकला. आवाज बंद. कॉलेजमध्ये हा किस्सा त्याने हसत हसत सांगितला. आम्हीही हसलो.

आई बसायला लागली तेव्हा मात्र एक गोष्ट दर खेपेला व्हायची. तिला दोन्ही हात धरून आत उतरवावं लागायचं. बसली की ती दचकायची.

"सीट गरम हाय रं. कोन बसलेलं?"

"ऊन लागतं, आये."

आदल्या रात्री तो मोऱ्याला मुक्कामाला जायचा, तेव्हा गाडी जाळ्यांच्या शेडमध्ये उभी असायची. सावलीत.

मग बेल्ट. तिचा डावा हात सुया टोचून सुजलेला. तिला बेल्ट ओढता यायचा नाही, खाच सापडायची नाही. टिंग, टिंग, टिंग. प्रणित वैतागायचा.

"एवढं साधं जमत नाही तुला?"

ती कसनुसं हसायची. तो बेल्ट तिला कधीच लावता आला नाही. प्रणितच हात लांब करून लावायचा, आदळआपट करत.

त्या आठवड्यात सोमवारी त्याने गाडी पॉलिशला टाकली होती. मित्रांबरोबर व्हिडिओ काढायचा होता. आईला म्हणाला, एक दिवस चुकला तर काही होत नाही. तिनेही कुरकुर केली नाही. मंगळवारी तिचे पाय सुजले, चेहरा सुजला.

बुधवार उजाडला. साडेअकराला तो बंदराजवळ गाडी घेऊन थांबला. आई घरातून हळूहळू चालत येत होती. त्याने तिला लांबून पाहिलं. तेवढ्यात त्याच्या खिडकीशी गावातली पोरं जमली. किती पळते, कितीला मिळाली. साहेब रंगात आले.

बाजूचं दार उघडलं.

सीट दबली.

दार लागलं.

आणि क्लिक... बेल्ट लागला. पहिल्या झटक्यात.

शिकली एकदाची, त्याच्या मनात आलं. वळून बघितलंसुद्धा नाही. मुलांना हात केला आणि गाडी काढली.

रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर रांगेने उभे. त्याची नजर समोरच. सोमवारची चूक मनाला खात होती, म्हणून त्या दिवशी तो जरा गोड बोलत होता.

"एसी वाढवू का, आये?"

"हं."

"पाय दुखतायत?"

"हं."

गव्हाण फाट्याला त्याच्या डोळ्यांच्या कडेला पदर दिसला. पांढरा, बारीक फुलांचा. आई घरातून हिरव्या साडीत निघाली होती. हे त्याला नंतर आठवलं. तेव्हा आठवलं नाही.

दवाखान्यासमोर त्याने गाडी थांबवली. "तू हो पुढे. मी पार्क करून येतो."

दार उघडलं. लागलं. तो पार्किंगला गेला, मग चहा प्यायला.

वीस मिनिटांनी डायलिसिसच्या सिस्टरचा फोन. "आईंना कधी आणताय? बेड अडवून ठेवलाय मी. सोमवारीही आणलं नाहीत."

"वर आलीय की ती."

"इथे कोणी आलेलं नाही."

तो जिने चढला, उतरला, बाथरूमच्या दारावर हाका मारल्या. तेवढ्यात वडिलांचा फोन.

"पोरा, तू आयला सोरून कुटं गेलास? ती हितं बंदरावर बसलीय. तिला दम लागलाय."

तो जिन्याने खाली धावला.

"मी रिक्षा बगतो," काका म्हणाले.

"नको. मी येतो. माझी गाडी लवकर पोचेल."

मला हे सांगताना तो या वाक्यावर अडला.

तो परत पोचला तेव्हा आई जेटीच्या कट्ट्यावर बसली होती. मांडीवर दवाखान्याची फाईल. ओठ निळे पडलेले.

"बसली का नाहीस, आये?"

"मी दार उघरलं," ती एकेक शब्द तोडत म्हणाली. "आत बाय बसलेली. चांगल्या घरची व्हती. म्हनली, तुमी मागून या. मना वाटलं तूच आनलीस कोनाला... तिला कशी उठवू?"

आयुष्यभर बाजारात स्वतःची जागा भांडून मिळवलेली बाई. पोराच्या गाडीत तिने जागा सोडली.

दोघांनी तिला उचलून सीटवर ठेवलं. काकांना बसायला मागे जागाच नव्हती. ते बंदरावर उभे राहिले.

टिंग... टिंग... टिंग... बेल्ट लावायला तो थांबला नाही. हॉर्नवर हात ठेवून गाडी काढली. तो आवाज चालूच होता, आणि त्यात आईची घरघर. मग नुसताच तो आवाज.

पनवेल आलं.

क्लिक.

आवाज थांबला.

"लागला का बेल्ट?" त्याला रडू फुटलं. "आये, लागला?"

"हं."

डॉक्टरांनी गाडीतच नाडी पाहिली, डोळे पाहिले. म्हणाले, "यांना जाऊन अर्धा तास तरी झालाय."

तो बेल्ट लागून दहाच मिनिटं झाली होती.

तेराव्यानंतर त्याने हरेशला फोन केला. तोंडाला येईल ते बोलला. हरेशने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "गेली ती तुझी आईच ना?"

"हो."

"मी उतर म्हटलं होतं माझ्या आईला. तुझ्यासमोर. ती उतरली नाही रे." मग हलक्या आवाजात, "काल माझ्या घरात फुलांच्या पदरात दिसली ती. तिची जागा भरली, घरी आली ती."

फोन कट. नंतर तो नंबर कधी लागला नाही.

गाडी विकायला काढली. दयारामकाका एवढंच म्हणाले, "इकशील त्या दिवशी तिला उतरव. नावानं हाक मार. दार धर."

गिऱ्हाईक आलं अंकुश नावाचं. अलिबागकडचा, पहिल्या वर्षाचा. गाडी बघून डोळे चमकलेले. प्रणितला त्याच्यात स्वतःचा चेहरा दिसला असणार. अंकुश पुढच्या सीटवर बसून बघत होता. म्हणाला, "दादा, सीट गरम लागते."

गाडी तळमजल्याच्या पार्किंगला होती. आठ दिवस बंद.

व्यवहार झाला, अंकुश स्टिअरिंगला बसला, तेव्हा प्रणितने बाजूचं दार उघडून धरलं. 'आये, उतर' एवढंच म्हणायचं होतं. पण अंकुश बघत होता. म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, आणि ऐकून पोरगा पळाला असता. मग ही गाडी कोण घेणार?

त्याने दार लावलं.

गाडी वळणावर गेली तेव्हा मागच्या काचेतून त्याला दिसलं... बाजूच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावलेला होता.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. परवा अंकुशचा फोन आला. मी समोरच बसलो होतो, स्पीकर चालू होता.

"दादा, त्या बाजूचा बेल्ट काढून ठेवला तरी सकाळी लावलेला असतो. आणि मासळीचा वास जात नाही. दोनदा धुतली गाडी. शनिवारी आई येतेय गावाहून, तिला घ्यायला एसटी स्टँडवर जायचंय. तिला बसवू ना पुढे? मागे तर जागाच नाही."

प्रणितने फोन उचलून तोंडाजवळ नेला.

मग म्हणाला, "बसव की. काही होत नाही."

फोन ठेवल्यावर मी त्याची गचांडी धरली. सगळी गोष्ट त्याने मला तेव्हा सांगितली. मी अंकुशचा नंबर मागितला, त्याने तो माझ्यासमोर पुसून टाकला. म्हणाला, "पाच महिने बसून आहे रे ती. तिचे गुडघे वाकत नाहीत."

मला त्याचा राग येतो, आणि त्याच्यासाठी रडूही येतं. काय करावं कळत नाही, म्हणून इथे लिहितोय. लाल, दोन दाराची गाडी चालवणारा अंकुश तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याला हे आजच दाखवा. उद्या शनिवार आहे.

प्रणित बाहेरच्या खोलीत आहे. त्याने जमिनीवर गादी घातलीय, तिच्यावर हिरवी चादर. आणि संध्याकाळपासून घराचं दार उघडून धरून उभा आहे.