गेंदू कॉइनचा मालक

रत्नपालची मोटारसायकल आमगाव स्टेशनाबाहेर सापडली आणि लोकांनी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. पोट्टा पळाला. सगळ्यांचे पैसे घेऊन गाडीत बसला, आता रायपूरकडं कुठंतरी मजा मारत असेल. निकाल लावायला लोकांना पुरावा लागतो थोडाच!

फौजदार नीतू मडावी मात्र बोलायच्या आधी ऐकून घेणाऱ्यांपैकी होत्या. त्यांच्यासमोर रत्नपालची मोठी बहीण अल्का बसली होती. ती गोंदियाच्या शाळेत शिक्षिका होती आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती.

"भावाशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"पितृपंधरवड्यात. फोनवर."

"काय म्हणाला?"

"ताई, कॉइनचा मालक कोण ते समजलं. आधी त्याच्या तोंडावर विचारतो, मग तुले सांगतो."

"आणि मग?"

"मग फोन बंद."

"मालकाला त्यानं कधी पाहिलंच नव्हतं?"

"नाही. तो फक्त मेसेज करायचा."

आमगावात रत्नपालचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मालकानं मेसेजवरच त्याला गाठलं, गावात ॲपवरचं नवं क्रिप्टो कॉइन खपवायचं काम दिलं आणि सर्वांत आधी एक नाव मागितलं. जगात दुसऱ्या कोणत्याच कॉइनला नसेल असं. त्या नावापायी बहीणभावानं कितीतरी संध्याकाळी डोकं फोडलं होतं. डोंगरावरून कचारगड सुचवलं, तांदळावरून चिन्नोर सुचवलं, काही नावं तर अल्कानं पाली शब्दांतून काढली. मालकाला एकही पसंत पडलं नाही. हे लांब, ते कोणीतरी आधीच वापरलेलं, ते जुनाट. शेवटी त्यानं स्वतःच कळवलं: गेंदू. अर्थ विचारला तर उत्तर आलं, अर्थ नाही, म्हणूनच चांगलं.

गेंदूचा भाव चढला तेव्हा लोकांनी रत्नपालला डोक्यावर घेतलं. एक दिवस ॲप उघडेना, तेव्हा त्याच लोकांनी दुकानाची काच फोडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो नाहीसा झाला.

घरी लीलाबाई रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवत.

"चोर म्हणतेत त म्हणू दे," त्या म्हणायच्या. "चोर असंना, जित्ता त हाये. येईल."

अल्काला ते सहन होत नव्हतं. भाऊ चोर नाही एवढं तिला सिद्ध करायचं होतं. मायच्या दारावरून लोक थुंकत जातात ते थांबवायचं होतं. बाकी तिनं काहीच मनात येऊ दिलं नव्हतं.

ती बुडालेल्या लोकांच्या घरोघर गेली. शिव्या खाल्ल्या. शामकलाबाईंनी तर उंबऱ्यावरूनच "गेंदूवाल्याची बहीण आली, गेंदूवाल्याची" म्हणून गल्ली गोळा केली. शेवटी ती तिलक टेंभरे यांच्याकडं गेली. तिलक सर कॉम्प्युटरचे क्लास चालवत. सर्वांत आधी पैसे टाकले म्हणायचे ते, सर्वांत आधी बुडाले म्हणायचेही तेच, आणि आता बुडालेल्यांच्या समितीचे अध्यक्षही तेच. रत्नपाल त्यांचाच जुना विद्यार्थी.

"मालकाले मी पण शोधून राहिलो," तिलक सर म्हणाले. "पर धागाच सापडत नाही. तुम्ही बसा. मले समितीत जायचंय." आणि ते गेले.

सरांची आई सुखवंताबाई दारात तोरण ओवत बसली होती. बायको रुचि चहा घेऊन आली.

"रत्नपाल इकडं यायचा?" अल्कानं विचारलं.

"येत होता ना. पितरांच्या जेवणाले बलावलं होतं यायनं. आजसासऱ्याचं पान होतं."

"मग?"

"जेवला. चूप होता. आंगनात जाऊन कोणाले तरी फोन केला, मग यायच्यासंगच बाहेर गेला."

"तुमचेही पैसे गेंदूत गेले?"

"गेले ना. त्या मेल्या कॉइननं आमालेही सोडलं नाही."

"कोणत्या? गेंदूच ना? दुसरंही एक आलं होतं म्हणतात."

"तेच वो. तुह्या भावाचं."

"सूनबाई," सुखवंताबाई मधेच म्हणाली, "ते पिवळे फुलं दे इकडे."

रुचीनं झेंडूची टोपली सरकवली. इकडं सगळे झेंडूला गेंदाच म्हणतात, पण अल्काचं लक्ष तिकडं नव्हतं.

"यंदाचा नवा भात झाला का, काकू?"

"कायचा नवा भात!" म्हातारीचा हात थांबला. "सालेकशाकडं आमची जुनी बांधी हाये. धान पिकून झडून राहिलं, पर तिलक कोणाले जाऊ देत नाही. काऊन म्हटलं त भडकते. आमच्या घरी असं कधी झालं नाही, बाई."

अल्का तशीच घरी आली. हाती काही लागलं नाही असं तिला वाटलं.

"उद्या ठाण्यात जाते, माय. सोमवार आहे."

लीलाबाई कितीतरी दिवसांनी जरा हसल्या. "तुह्या आजीची सासू सोमवार नाही म्हणे. सासऱ्याचं नाव सोमा होतं ना तिच्या! मंग काय म्हणे? 'इतवारच्या पुढचा दिवस.' मेली तवरी तोंडातून नाव नाही काढलं बुढीनं."

"आणि आजी?"

"आजी त दीक्षा घेऊन आली अन् भर चावडीवर आज्याचं नाव घेऊन हाका मारल्या. तवापासून आपल्या घरची बाई कोणाच्या नावाले भीत नाही."

अल्का बसल्या जागी ताठ झाली. म्हणूनच तिला दिसलं नव्हतं! तिच्या घरात ती रीत दोन पिढ्यांपूर्वीच मोडली होती.

दुसऱ्या दिवशी फौजदारबाई आणि अल्का टेंभऱ्यांच्या घरी पोचल्या तेव्हा तिलक सर घरीच होते.

"एकच काम आहे," अल्का म्हणाली. "रुचिताई, त्या कॉइनचं नाव सांगा."

रुचीनं खाली पाहिलं.

"काकू, तुम्ही सांगा."

सुखवंताबाईनं पदर तोंडाशी धरला.

"हा काय तमाशा लावला?" तिलक सर हसले. "बायामाणसं हायेत. पोलिसाले पाहून घाबरल्या."

"तुमच्या तोरणाची फुलं कोणती, काकू?" नीतूबाईंनी विचारलं.

"पिवळी."

"नाव काय त्यांचं?"

म्हातारीनं टोपली मागं सरकवली.

"सगळं गाव उठल्याबसल्या गेंदूला शिव्या देतं," अल्का म्हणाली. "याच घरातल्या दोन बायका ते नाव तोंडात घेत नाहीत. फुलाचंसुद्धा नाही. एकीनं घेतलं नसतं तर मी तिची सवय म्हटली असती. पण सासू आणि सून दोघीही एकच नाव टाळतात, तर ते दोघींच्याही सासरच्या वडीलधाऱ्या माणसाचं आहे. काकूंचा सासरा, रुचिताईंचा आजसासरा. सरांचे वडील नाहीत, नाहीतर ठाण्यातल्या तक्रारीवर सरांच्या पूर्ण नावातच ते लिहिलेलं असतं आणि फौजदारबाई, तुम्ही ते कधीच पाहिलं असतं."

तिलक सरांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"बायका नाव घेत नाहीत, पण पितरांचं पान ठेवताना पुरुषाला घ्यावंच लागतं. सरांनी ते मोठ्यानं घेतलं आणि रत्नपालनं ऐकलं. जे नाव जगात कोणत्या कॉइनला नाही म्हणून मालकानं दिलं होतं, ते या घरातून निघालेलं होतं."

"वा!" तिलक सर उसळले. "आजोबाचं नाव गेंदलाल असलं म्हणून मी काय चोर झालो?"

मग अल्का हळूच म्हणाली, "गेंदलाल मला ठाऊक नव्हतं, सर. काल तर तुम्ही म्हणाला होतात, मालकाचा धागाच सापडत नाही. आजोबाचं नाव कॉइनला लागलं, आणि ते तुमच्या ध्यानात आलं नाही?"

सर खाटेवर बसले.

"रत्नपाल त्या दिवशी सरांसोबतच बाहेर पडला," अल्का सांगत राहिली. तिचा आवाज आता चढला होता, वर्गात शिकवताना चढतो तसा. भाऊ आरोपातून सुटला होता, चोर सापडला होता. "त्यानं तोंडावर विचारलं असणार. सरांनी समजावायला लांब नेलं असणार, सालेकशाच्या बांधीत. म्हणून तर पिकलेलं धान झडलं तरी तिथं कोणाला जाऊ देत नाहीत, कारण तिथं..."

ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं आणि ते तिला म्हणवेना.

नीतूबाईंनीच विचारलं, "विहीर आहे का बांधीत?"

"ढकलायचं नव्हतं," तिलक म्हणाला. "तो सगळ्याले सांगतो म्हणे. हात धराले गेलो." स्टेशनावर मोटारसायकल त्यानंच नेऊन ठेवली होती. आणि पैसे? तो कसंनुसं हसला. ते त्यानं दुसऱ्याच कोणाच्या तरी कॉइनमधे टाकले होते, आणि तेही बुडालं होतं. परत द्यायला कोणाजवळ काहीच उरलं नव्हतं.

"बुढ्याचं नाव मोठं कराचं होतं माय," तो आईकडं न पाहता म्हणाला. सुखवंताबाईनं तोरण तसंच खाली ठेवलं. रुचि भिंतीला टेकून रडत होती.

झडलेल्या धानातून वाट काढत पोलीस विहिरीपर्यंत गेले. अल्का बांधावरच उभी राहिली. गळ वर आला तेव्हा रत्नपालचा निळा शर्ट तिनं लांबूनच ओळखला.

घरी आली तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. पोट्टा लाखात एक होता, असं शामकलाबाई सांगत होत्या. लीलाबाई चुलीपाशी बसल्या होत्या, समोर झाकलेलं ताट.

"माय, तो चोर नव्हता."

लीलाबाईंनी ताटावरचं झाकण काढलं, भाताकडं पाहिलं, आणि परत ठेवलं.

"मी तुले विचारलं होतं का?" त्या म्हणाल्या. "चोर होता तवरी माहा पोरगा जित्ता होता ना वो."