सोमवार, चार दहा, मागचा जिना

प्रतापसिंहाशी माझी ओळख माझ्या फोननं करून दिली. आम्हा दोघांनाही न विचारता.

ऑगस्टमधला सोमवार. अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं आमचं ऑफिस, तिसरा मजला. बाहेर असं ऊन, की पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटवर डोसा झाला असता. टेबलावरचा फोन थरथरला. कॅलेंडरची आठवण होती –

‘४:१०. मागचा जिना. तो छत्री विसरेल.’

हे मी लिहिलेलं नव्हतं. माझ्या नोंदी ‘दात’ नाहीतर ‘गॅस’ अशा असतात. मी पूर्ण वाक्यं लिहीत नाही.

मागच्या जिन्यानं कोणी जात नाही. तिथली ट्यूब वर्षभर लुकलुकतेय, आणि भिंतीतून कसलीशी घरघर येत असते – खालच्या कारखान्याची असावी, असं आम्ही सगळ्यांनी मानून घेतलंय. मी गेले. चार वाजून दहा मिनिटांनी वरून पावलं वाजली. गळ्यात केबलची वेटोळी घातलेला एक उंच मुलगा उतरला, काळी छत्री कठड्याला टेकवली, बुटाची नाडी बांधली... आणि छत्री तिथेच ठेवून निघाला.

“अहो! छत्री!” मी चक्क मराठीत ओरडले. घाबरले की मला तमिळ आठवत नाही.

तो वळला. “अय्यो... उपकार जाहले.”

“तुम्ही मराठी?”

“आम्ही तंजावरचे. साडेतीनशे वर्षं जाहली येऊन.”

“मी साताऱ्याची. दीड वर्ष झालं.”

“मग आम्ही थोडे आधी आलों,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. एखाद्या बखरीतून उठून यावं आणि हातात केबल असावी, तसा दिसत होता. हसला तेव्हा ट्यूब लुकलुकायची थांबली. मी लगेच त्याचा काही अर्थ लावला नाही. संध्याकाळी लावला.

“एवढ्या उन्हात छत्री कशाला?”

“आई म्हणाली, ने.”

पाच वाजता धो धो पाऊस आला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तक्रार नोंदवली : ऑफिसच्या लॅपटॉपला माझ्या फोनचं कॅलेंडर दिसत नाही, फोनला लॅपटॉपचं दिसत नाही, आणि घड्याळ दोघांशीही बोलत नाही. तक्रार खरी होती. ती आठ महिन्यांपूर्वी करता आली असती, एवढंच. अपेक्षेप्रमाणे केबलवालाच आला.

“तीन उपकरणं आहेत ना तुमची?” फोन चाळता चाळता त्यानं विचारलं.

“तीनच.”

“मग ही चौथी कोण?”

यादीत होतं – लॅपटॉप, फोन, घड्याळ. आणि खाली : ‘ऊर्मीचा टॅब’.

ऊर्मी मी. टॅब माझ्याकडे नाही. कधीच नव्हता.

प्रतापसिंहानं तो काढून टाकला. यादी ताजी केली. टॅब परत आला. पुन्हा काढला. पुन्हा आला... या वेळी त्याच्यासमोर हिरवा ठिपका होता. म्हणजे कुणीतरी तो आत्ता, या क्षणी हातात धरला होता.

एसी चालू होता, तरी त्याच्या कपाळावर घाम आला. “सरी,” तो म्हणाला, म्हणजे ठीक आहे. पण ठीक नव्हतं. “ह्यानंच ती छत्रीची नोंद केली आहे. तुम्ही भ्यालात का?”

“थोडी. तुम्ही?”

“मी तंत्रज्ञ आहें.” जरा थांबून, “पुष्कळ.”

तपासणीसाठी म्हणून त्यानं स्वतःचं कॅलेंडर माझ्याला जोडलं. आणि इथे त्याची एक चूक झाली. त्याची आई सईबाई त्याच्या कॅलेंडरात रोजचा राहुकाळ भरत असे – दीड तास, रोज वेगळी वेळ, ‘काही शुभ सुरू करूं नये’. ते सगळं माझ्या ऑफिसच्या कॅलेंडरात येऊन बसलं. त्या वेळेतल्या मीटिंगा आपोआप नाकारल्या जाऊ लागल्या. आमची मॅनेजर रम्या सर्वांसमोर म्हणाली, “ऊर्मीकडून शिका. काय शिस्त आहे!”

टॅब लिहीतच राहिला. ‘बुधवार, १:४०. डबा जास्त ने.’ नेला; त्याचा डबा बसमध्ये राहिला होता. ‘गुरुवार, ५:१५. तो हसेल. कारण विचारू नकोस.’ हसला. मी विचारलं नाही. जिन्यात स्टीलच्या पेल्यातली कॉफी पिता पिता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. तेवढं मात्र कॅलेंडरात नव्हतं.

मग कंपनीची नोंद आली. पुण्याला बदली. ‘स्वीकारा’ किंवा ‘नाकारा’, मुदत मंगळवार दुपारी चार. उत्तर न दिल्यास होकार समजला जाईल. पुणं म्हणजे घराजवळ. नाकारायला कारण हवं होतं, आणि माझं कारण अजून काहीच बोललेलं नव्हतं.

त्याच दिवशी टॅबनंही लिहिलं : ‘मंगळवार, ३:४०. मागचा जिना. तो बोलणार नाही. तू बोल.’

त्याच्या पुढे काही नव्हतं. मी बुधवार पाहिला, पुढचा महिना पाहिला. कोरं. यादीतला हिरवा ठिपकाही विझला होता. त्या टॅबच्या लेखी मंगळवारनंतर मी नव्हतेच.

मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाळ. ३:४०ला जिन्यात तो उभा होता, कठड्याला घट्ट धरून. भिंतीतली घरघर बंद होती. दीड वर्षात पहिल्यांदा.

“पुण्यास जाणार?”

“वीस मिनिटांत कळेल. तुला काही सांगायचंय?”

“आहे की. पण...” त्यानं घड्याळाकडे पाहिलं. “साडेचारास सांगूं? आता नवं काही सुरू करूं नये. आईस नाही, मलाच भय वाटतं. ही गोष्ट बिघडली तर...”

“चारला मुदत संपतेय, प्रताप.”

ट्यूब लुकलुकली. पुढचा कोरा महिना डोळ्यांसमोर आला, आणि मी बोलले.

“चालू असलेलं काम राहुकाळात थांबवतात का?”

“नाही. चालू असेल तर चालूंच द्यावं.”

“मग हे नवं कुठंय? सोमवारी चार दहाला सुरू झालं. तू नाडी बांधत होतास. तेव्हापासून मला तू आवडतोस.”

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. “सोमवारचा राहुकाळ सकाळीं संपतो,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे मुहूर्त बरा होता...” आणि मग, कठडा सोडून, “मलाही. तेव्हापासूनच. छत्री मी विसरलों नव्हतो गं. तू मागून हाक मारावीस म्हणून ठेवली.”

३:५८ला मी ‘नाकारा’ दाबलं. भिंत पुन्हा घरघरू लागली.

फेब्रुवारीत आमचं लग्न झालं. सासूबाईंनी कपाटात पडून असलेला जुना टॅब मला दिला. तो चालू केला आणि प्रतापनं त्याला नाव दिलं. मग आम्ही दोघांनी ते पुन्हा वाचलं. ‘ऊर्मीचा टॅब’. कोपऱ्यातली तारीख मागच्या ऑगस्टची होती. सोमवार, दुपार. चार टक्के चार्जिंग.

मी कॅलेंडर उघडलं. शब्द पाठ होते. ‘४:१०. मागचा जिना. तो छत्री विसरेल.’ मग बुधवारचा डबा. मग गुरुवार. शेवटी मंगळवार.

“‘तो बोलणार नाही’ असं नको लिहूं,” तो खांद्यावरून वाचत म्हणाला. “मी बोलणार होतो.”

“कधी?”

“साडेचारास.”

मी नुसतं पाहिलं.

“...लिही,” तो म्हणाला.

लिहिलं. त्यापुढच्या बुधवारवर बोट ठेवलं, तोच पडदा काळा झाला. काचेत आमचे दोन चेहरे उरले. पुढचं सगळं कोरं का होतं, ते मला तेव्हा कळलं. सासूबाई चार्जर द्यायला विसरल्या होत्या.