अकरा तासांची बॅग

किशोरीची आणि विनीतची पहिली भेट चिखलात झाली. आषाढ सरत आला होता, पण पाऊस काही सरत नव्हता. मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून किशोरीचं घर. ती पडवीत मशीनवर बसली होती आणि समोरून एक तरुण खांद्यावर जड पिशवी घेऊन चालला होता. तिच्या दारासमोर येताच पिशवीचा बंद काडकन तुटला. पाने, स्क्रू ड्रायव्हर, तेलाची कुपी, बॉबिनांचा डबा... सगळा संसार लाल पाण्यात.

किशोरी घरातलं सूप घेऊन धावली. दोघांनी उकिडवं बसून चिखलातून एकेक वस्तू वेचली.

"शिलाई मशीन दुरुस्त करतो मी," तो परक्यासारखा अदबीने म्हणाला. "विजयदुर्गहून येतो. मालवण, तळेरे, देवगड... जिथे मशीन अडेल तिथे."

"मगे आधी स्वताची पिशवी दुरुस्त करूची," किशोरी म्हणाली.

तो हसला, आणि त्याची अदब गळून पडली. "मशीन दुरुस्त करूक येता गो. चलवक येणा नाय."

तिने एका जुन्या जीन्सची कंबरपट्टी कापली, दुहेरी केली आणि पिशवीला नवा बंद शिवून दिला. दोन्ही टोकांना फुलीची शिवण घातली. दहा मिनिटांचं काम. तेवढ्या वेळात त्याने तिच्या मशीनचा आवाज कान देऊन ऐकला आणि तिचे हातही पाहून घेतले. हे दुसरं तिच्या लक्षात आलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

"कितके झाले?"

"वीस."

"वीस? दोऱ्याचे तरी सुटले काय?"

"भिजलेल्या माणसाकडसून जास्त घेवक बरा दिसणा नाय."

"मगे उन्हाळ्यात येतंय," तो म्हणाला, आणि चौथ्या दिवशी भर पावसात दारात हजर झाला.

"उन्हाळो लवकर इलो," मान वर न करता किशोरी म्हणाली. तिचा दोरा मात्र दोनदा सुईतून निसटला.

त्या घरात असं हलकंफुलकं बोलणं होऊन दोन वर्षं झाली होती. आई गेल्यापासून किशोरीचे वडील, ज्यांना सगळं गाव भाई म्हणतं, पडवीच्या टोकाला खुर्ची टाकून बसत आणि रस्त्याकडे बघत. जेवायला हाक मारली की जेवत, नाही मारली तर तशीच संध्याकाळ करत. मशीन आईचं होतं. आई परकर-पोलकी शिवायची. आता ती कोण शिवून घेतं? म्हणून किशोरीने जुन्या जीन्सच्या बॅगा शिवायला घेतल्या. तारकर्लीच्या लॉजवाल्यांकडे पर्यटकांनी टाकून दिलेल्या जीन्स ढिगाने पडत. समुद्राच्या पाण्याने कडक झालेल्या, खिशात वाळू भरलेल्या. ती त्या आणून दोन पाण्यांत उकळायची, ब्लेडने शिवण उसवायची, विरलेले गुडघे काढून टाकायची आणि जिथे सहा-सहा पदर एकत्र येतात तिथे हातोडीने ठोकून कापड चपटं करायची. नाही ठोकलं तर अठरा नंबरची जाड सुईसुद्धा कटकन मोडते.

असली एक बॅग ती दीडशे रुपयांना विकत असे. लोक म्हणत, "शंभराक दी गो," आणि ती देऊनही टाकत असे.

विनीतने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो संतापलाच. त्याने कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि कानावरची पेन्सिल काढली.

"अस्तर कितक्याचा?"

"पस्तीस."

"चेन, दोरो, मोडलेली सुई?"

"तीस पकड."

"लॉजवाल्याक?"

"चाळीस देतंय एका जीन्सचे."

"एकशे पाच झाले. वेळ?"

"चार तास. कधी साडेचार."

त्याने पान तिच्यापुढे सरकवलं. "म्हणजे तुझे चार तास पंचेचाळीस रुपयांक. तासाक अकरा रुपये, किशोरी. माझ्या तेलाच्या कुपयेक सुद्दा जास्त पडतत."

तिला लाज वाटली आणि रागही आला. इतक्या वर्षांत तिच्या वेळेचा हिशेब कोणी मांडला नव्हता. आईच्या वेळेचाही कोणी मांडला नसेल. ती बाहेरच्या पावसाकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते, ते त्याला दिसू नयेत म्हणून.

"तासाक साठ लाव," तो हळूच म्हणाला. "आणि एक गोष्ट ध्यानात ठेव. कोण पैसे देता तर नको म्हणू नको. तुका सवय आसा नको म्हणूची."

तिची ती सवय होती, आणि ती तिच्या एकटीची नव्हती. त्या भागात पैसे पुढे केले की आधी "नको" म्हणायचं, मग देणाऱ्याने "घे गो" म्हणायचं, मग मूठ इकडून तिकडे ढकलायची. परक्याशी हा खेळ दोन मिनिटं चालतो आणि पैसे घेतले जातात. आपल्या माणसाशी तो शेवटपर्यंत चालतो आणि पैसे परत जातात. कोण आपलं आणि कोण परकं हे तिथे असंच कळतं, तोंडाने कोणी सांगत नाही.

पण पोट त्यावर भरत नाही. पुढच्या रविवारी पुण्याच्या एका बाईंनी बॅग उचलली आणि किशोरीने घसा खाकरून "साडेतीनशे" म्हटलं. बाईंनी हूं की चूं न करता पैसे दिले. किशोरी "नको" म्हणाली नाही. बाई गेल्यावर तिने नोटा दोनदा मोजल्या. तिने पहिला फोन विनीतला केला.

मग विनीतनेच खटपट करून तिच्या पडवीत फोनवरून पैसे भरण्याचा कोड लावून दिला, आणि सोबत तो बोलणारा छोटा डबाही. कोणी पैसे भरले की डबा खणखणीत आवाजात रक्कम सांगे. भाई पहिल्या दिवशी दचकले, मग त्यांना त्याची सवय झाली.

श्रावण असाच गेला. आठवड्यातून दोनदा मशीनला तेल लागायचं. इतकं तेल प्यालेलं मशीन साऱ्या जिल्ह्यात नसेल. तो खाली वाकून दाते साफ करी, ती चहा ठेवी. एकदा सुई बदलताना त्याच्या अंगठ्याचं तेल तिच्या मनगटाला लागलं आणि ते दोघंही त्या डागाकडे उगाच बघत राहिले.

"तू येतस तेव्हा माझा काम अर्धा होता," ती म्हणाली. "त्या तासाचे पैसे कोणाक लावू?"

"माझ्या नावावर मांड."

"फेडतलंस कधी?"

तो काहीतरी बोलणार होता... पण भाई खोकले, आणि बोलणं राहून गेलं.

गणपतीत चाकरमानी आले आणि बॅगा हातोहात गेल्या. किशोरीने तासाचे ऐंशी केले. याच सुमारास विनीतचा चेहरा उतरत चालला होता. गावोगावची मशीनं गंजत पडली होती, कपडे तयार मिळत होते, आणि दुरुस्तीला बोलावणारं घर पंधरवड्यातून एखादं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याने मशीनकडे पाहिलंही नाही.

"थंय तामिळनाडूत, तिरुपुराक कपड्यांच्या कारखान्यात मेकॅनिकची नोकरी गावली," तो म्हणाला. "तीन वर्सांचो करार. वर्सातून एकदा रजा, मे म्हयन्यात. गुरवारी जातंय."

किशोरीने मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं. "बरा झाला," ती म्हणाली. तिला मुळीच बरं वाटलं नव्हतं.

"एक काम करशीत? हत्यारांसाठी बॅग शिवन दी. थंय मिरवतंय."

त्यासाठी तिने लॉजवरची जीन्स घेतली नाही. कॉलेजात असताना आईने घेऊन दिलेली स्वतःची जीन्स कपाटातून काढली आणि तिच्यावर कात्री चालवली. प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा, तेलाच्या कुपीसाठी रबरी अस्तर, पितळी बकलं, तिहेरी शिवणीचा बंद. दोन दिवस ती त्यावर बसली. तोंडाने जे बोलता येत नव्हतं ते सगळं तिने त्यात शिवलं, आणि बॅग हातात घेतल्यावर त्याला ते समजेल अशी तिची खात्री होती. किंमत तिने लावलीच नाही.

मंगळवारी तो बॅग न्यायला आला. तिने ती मुकाट्याने पुढे केली. त्याने उलटीपालटी करून पाहिली, बोट फिरवत शिवणी मोजल्या.

"अकरा तास," तो म्हणाला.

अगदी बरोबर अकरा. तिचा हात त्याला इतका पाठ होता. 

आणि त्याच क्षणी त्याने खिशातून फोन काढला, भिंतीवरच्या कोडासमोर धरला. पडवीत डबा खणखणला, "अकराशे रुपये प्राप्त झाले."

किशोरीने मनातच हिशेब केला. ऐंशीप्रमाणे अकरा तासांचे आठशे ऐंशी, वर दोनशे वीस सामानाचे. पैसा न् पैसा बरोबर होता. म्हणजे हा गिऱ्हाईक होता तर. हिशेब चुकता करून निघालेला.

"नको" शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण नको कोणाला म्हणायचं? हातात नोट असती तर ढकलली असती, मूठ बंद केली असती. डबा बोलून मोकळा झाला होता. शिवाय नको म्हणायचं नाही हे त्यानेच शिकवलं होतं. ती मशीनवरचे दोऱ्यांचे तुकडे वेचू लागली.

विनीत जरा वेळ कोडाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "येतंय मगे," आणि नवी बॅग खांद्यावर टाकून चालू लागला. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

बुधवारी तिने मशीन उघडलं नाही. फोनवर तीनदा निरोप लिहिला, तीनदा पुसला. फोनवरूनच पैसे परत पाठवावेत असंही मनात आलं, पण ते म्हणजे माल नापसंत झाल्यावर गिऱ्हाइकाला पैसे फिरवल्यासारखं. संध्याकाळी भाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "तो मेकॅनिक परत येवचो नाय?"

"कित्याक येतलो? पैसे देवन गेलो तो."

"आणि तू घेतलंस?"

तिने मशीनवरचं झाकण उगाच नीट केलं.

"गिऱ्हाईक पैसे देता नि जाता, बाय," भाई म्हणाले. "तू तेका गिऱ्हाईक केलंस." दोन वर्षांत ते एवढं सलग बोलले नव्हते. मग त्यांनी तोंड पुन्हा रस्त्याकडे फिरवलं.

गुरुवारी सकाळी ती अकराशे रुपये मुठीत घेऊन कणकवलीच्या एसटीत बसली, तिथून तळेऱ्याच्या. तिरुपूरला जायला त्याला आधी कोल्हापूर गाठायचं होतं, आणि विजयदुर्गहून कोल्हापूरला जाणारी गाडी तळेऱ्यावरूनच पुढे घाटाला लागते. वाटभर तिला एकच भीती होती, की गाडी निघून गेली तर हे सांगायचं राहील, आणि मग ते कधीच सांगता येणार नाही.

गाडी उभी होती. विनीत चहाच्या टपरीशी होता. खांद्याला तिची बॅग. वरून झिमझिम चालूच.

"तू... हंय?"

"पैसे घे."

"कसले?"

"तुझे. अकराशे."

"भाव उतरलो काय?" तो हसायला बघत होता, पण जमलं नाही.

"भाव नायच तेका. गिऱ्हाइकांचे तास मी लिवन ठेवतंय, विनीत. ते अकरा मी खंयच लिवक नाय."

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "मगे त्या दिवशी गप कित्याक रवलंस? मी थंय उभो होतंय. म्हटलंय, आता ही रागावतली, पैसे माझ्या तोंडार मारतली. तू काय बोलाकच नाय. समाजलंय मी, की आपण परकोच."

"नको म्हणू नको, असा तूच सांगलेलंस."

"ता लोकांसाठी गो. माझ्यासाठी न्हय."

"मगे तसा सांगूचा होता," ती म्हणाली.

तिने नोटा त्याच्या हातात कोंबल्या. त्याने परत तिच्या हातात दिल्या. "ठेव. तुझी मेहनत ती."

"घे म्हणतंय."

"नको."

"घे रे."

मूठ इकडून तिकडे, तिकडून इकडे. टपरीवाला बघत होता, एसटीतली माणसं खिडकीतून डोकावत होती. मंगळवारी जे व्हायचं राहिलं होतं ते आता होत होतं, आणि दोघांचेही हात सुटत नव्हते. कंडक्टरने घंटी मारली.

"नाय घेतले तर?" विनीतने विचारलं.

"तर तू गिऱ्हाईक. बॅग बरी टिकतली. जा."

"आणि घेतले तर?"

 ती त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत राहिली. "घेतले तर... मे म्हयन्यात तुझ्या आईक घेवन ये. भाई घराकच आसतत."

 घंटी दुसऱ्यांदा वाजली. मग त्याने तिच्या मुठीतून भिजलेल्या नोटा एकेक करून काढल्या, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या.

"मे म्हयन्यात," तो म्हणाला आणि धावत जाऊन पायरीवर चढला.

गाडी गगनबावड्याच्या रस्त्याला लागली. घाटाकडे सगळं धुक्याने भरलं होतं. काही वेळ गाडीचा मागचा दिवा दिसत होता, मग तोही दिसेना. मे यायला आठ महिने होते, आणि करार तीन वर्षांचा. कणकवलीची एसटी यायला अजून तासभर होता. तळेऱ्यात किशोरीला ओळखणारं कोणी नव्हतं, म्हणून ती स्टँडच्या बाकावर बसली आणि डोळे न पुसता पोटभर रडली.