दहा एमबी आणि सोळा बाइट

मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो ती एकाच झिप फाइलमध्ये कोंबत होती, तेवढ्यात मागे कुणीतरी खुदकन हसलं.

“कुणाचं लग्न?”

सर्व्हर सांभाळणारा तो... ऑफिसात सगळे त्याला ‘प्रोफेसर’ म्हणायचे.

“बरोब्बर दहा एमबीची फाइल हवीय,” नवी टेस्टर ओशाळली. “आपलं ॲप तेवढी घेतं का, ते तपासायचंय.”

“मग नवरीला कशाला वेठीस धरतेस? सरक.”

स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत त्याने एक कमांड टाइप केली. एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहून कॉम्प्युटर स्वतःच डमी फाइल भरणार होता. शेवटी त्याने आणखी काहीतरी टाइप केलं आणि घाईघाईने निघून गेला.

तिने फाइल उघडली. ‘मला तू आवडतेस.’ खाली तेच. त्याच्याखालीही तेच!

ती तडक त्याच्या टेबलाशी गेली. “हे... काय लिहिलंयस?”

“डमी मजकूर. भरायला काहीतरी लागतंच ना?” त्याने मान वर केली नाही, पण कान लालबुंद झाले होते.

“मग ‘अबक’ का नाही?”

“सुचलं ते लिहिलं...”

ती परत येऊन बसली. खरं मानावं तर फजितीची भीती, थट्टा मानावी तर... आज शुक्रवार. सोमवारपासून तो दुसऱ्या ऑफिसात जाणार. तो तिला आवडत होता, त्यात शंका नव्हती; बाकी सगळा गोंधळच होता. त्याचा राग येत होता आणि स्वतःचाही.

काम तर करायलाच हवं. फाइल ॲपवर चढवली, परत उतरवली. ती पूर्ण आली का, हे पाहायला टेस्टर शेवटची ओळ बघतात. तिनेही बघितली.

‘इथपर्यंत आलीस, तर ऐक — वरचं सगळं खरं आहे. तोंडाने सांगायला जीभ रेटेना.’

ती उठली. तो खोक्यात सामान भरत होता.

“सरक.”

तिने त्याच्या कॉम्प्युटरवर एक फाइल बनवली.

“सोळा बाइट?” तो गोंधळला. “एवढ्याशा फाइलने काय तपासणार?”

“उघड तरी.”

‘मलाही’

त्याने फाइल खालपर्यंत सरकवून पाहिली. “एकदाच लिहिलंस?”

“डमी नाहीये ना ती,” ती म्हणाली. “आता सोमवारी चहाला कुठे भेटायचं, ते सांग... तोंडाने.”