चौथी चौकट

ऑफिसच्या मीटिंगांसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, ते त्या दुपारी ठरणार होतं. चाचणी जमली तर यास्नाला सोंबोरमध्ये नवऱ्याजवळ राहून काम करता येणार होतं. फिसकटली तर पुन्हा बेलग्रेडचं ऑफिस, आणि नवरा फक्त रविवारी. लग्नाला अजून महिनाही झाला नव्हता.

आधीची दोन सॉफ्टवेअर बाद झाली होती. एकात राडिशा साहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येई, दुसऱ्यात साहेब स्वतःच आडवे दिसत.

"हे शेवटचं," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर सगळे निमूट ऑफिसात."

पडद्यावर तीन चौकटी होत्या: साहेब, विक्री बघणारा गोयको आणि यास्ना. बाहेर धुक्याने समोरचं घर पुसून टाकलं होतं. कुठूनसा डांबरगोळ्यांचा वास आला... आणि हळूच चौथी चौकट उघडली. नाव नाही. काळोखी खोली, हिरवा स्वेटर, घट्ट अंबाडा.

"खरेदीवाल्या स्तोयान्का मावशी?" गोयको पुटपुटला. "पण त्यांना तर आपण... वसंतात..."

"पुरलंत. माहितेय मला," मावशी म्हणाल्या. "आधी खिडक्या लावा. वारा वाहतोय."

तिघंही उठले. आरपार वाहणारा वारा भुताच्या आधी जीव घेतो, हे तिथे प्रत्येकाला आईने लहानपणीच घोटवलेलं असतं. साहेबांनी तर न्हाणीघराचीही खिडकी लावली. परत येऊन बसल्यावर कुठे सगळ्यांना घाबरायचं सुचलं.

"राडिशा, ओल्या केसांनी बसतोस होय रे?" एवढं बोलून मावशी मावळल्या.

साहेबांनी आधी टॉवेलने केस पुसले.

"आवाज..." साहेबांनी घसा खाकरला. "स्वच्छ येत होता."

"कुठेही अडकला नाही," यास्ना घाईघाईने म्हणाली.

"पण साहेब, त्या रोज आल्या तर?"

"ऑफिसातही रोज यायच्याच ना, गोयको? इथे निदान आपली कॉफी तरी पिणार नाहीत. घेतलं हे."

यास्नाने लॅपटॉप मिटला. सोंबोर पक्कं. घरात ती एकटीच होती. थंड लादीवर अनवाणीच तिने एक गिरकी घेतली.

"मोजे घाल गं," मिटलेल्या लॅपटॉपातून आवाज आला. "आणि तुझ्या मागे उभी आहे, तिलाही दे. तिचे पाय तर केव्हाचे गार पडलेत..."

यास्नाने मुकाट्याने दोन जोड काढले. एक खुर्चीवर ठेवला, दुसरा वाकून स्वतःच्या पायांत चढवला. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती.