कोरडी मोरी

भोकरहून फोन आला तेव्हा उज्ज्वला सिस्टर नांदेडच्या डायलिसिस सेंटरमध्ये पलंगावरच्या चादरी बदलत होत्या.

"सिस्टर, मला माहेरी धाडून राहिलेत." रेणुका रडत नव्हती, संतापली होती. "म्हणतात, नवऱ्याला मीच मारून राहिले!"

डायलिसिसवर असलेल्या तिच्या नवऱ्याचं, आनंदराजचं, पोटॅशियम तिसऱ्यांदा सातवर गेलं होतं. एवढ्यावर हृदय कधीही बंद पडतं. दवाखान्यात असला की आकडा खाली, घरी गेला की वर. म्हणजे पाणी घरातच मुरत होतं. सिस्टर मिळेल त्या एसटीनं निघाल्या.

ओसरीवर रेणुकाची भरलेली बॅग होती. शेजारी सासू, नागुबाई.

"इचारा तिला! चोरून केळी चारती."

"तुम्ही पाहिलं?"

"पाहायला कशाला पायजे? सैपाक तीच करती."

सिस्टर रेणुकाकडे वळल्या. "भाजी कशी करतेस?"

"तुम्ही सांगितली तशी. बारीक चिरून, लई पाण्यात उकडून, पाणी काढून. आता तर दोनदा उकडते. तरी आकडा वाढलाच."

सिस्टरनी भाजी चाखली. पार बेचव. पोरगी खोटं बोलत नव्हती.

"काढलेलं पाणी?"

"पातेलं मोरीपाशी ठेवते. ह्या आत्या ओततात."

आनंदराज बाजेवर मोबाईल बघत पडला होता. उशाला पथ्याची वही. अक्षर सगळं रेणुकाचं.

"काय खातोस रे?"

"देतेत ते खातो. मला काय कळतंय?"

बत्तीस वर्षांचा घोडा! सिस्टरचं डोकं सणकलं. त्यांनी वही उघडली. भाजी, दोन भाकरी, आमटी एक वाटी. रोज आमटी.

"डाळ किती शिजते?"

"मूठभर," रेणुका म्हणाली. "आमटी आत्या करतात."

सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या. स्वयंपाक होऊन तासही झाला नव्हता, पण मोरी कोरडी ठणठणीत होती. चुलीवर मात्र पातेलंभर आमटी.

"नागुबाई, मूठभर डाळीत एवढी आमटी कशी झाली?"

म्हातारीनं पातेल्यावर झाकण सारलं.

"पोटॅशियम भाजीतून पाण्यात उतरतं. रेणुकानं ते काढलं. तुम्ही त्याच पाण्याची आमटी करून लेकाला पाजली. तिनं जास्त उकडलं, तसं तुमच्या आमटीत जास्त उतरलं."

"पुरणाचं येळवणी आपण फेकतो का?" नागुबाई कडाडल्या. "सारं सत्त्व त्यातच! लेकरू वाळून चाललं, अन् ते मी मोरीत ओतू? का ओतायचं, हे मला कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. दोन वर्षं सिस्टरनी सासूला एकदाही समोर बसवलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला. पण एकाला सगळं सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. त्या बाजेपाशी परतल्या.

"आनंदराज, आई त्या पाण्याची आमटी करते, हे तुला ठाऊक होतं?"

मोबाईल खाली आला.

"हाव... चव लागायची तोंडाला."

"आणि बायकोची बॅग भरली तेव्हा का नाही बोललास?"

त्यानं मोबाईल उशाखाली सारला.

रेणुकानं आमटीचं पातेलं उचलून त्याच्या पुढ्यात आदळलं. "उठा. स्वतःच्या हातानं ओता."

तो उठला. मोरी ओली झाली. नागुबाई पदरानं डोळे पुसत बॅग आत न्यायला वाकल्या.

"राहू द्या ओसरीवरच, आत्या," रेणुका म्हणाली. "उद्यापासून भाजी ह्यांनी उकडायची, वही ह्यांनी लिहायची. आठ दिवस केलं, तर बॅग आत येईल."