न तुटलेली पट्टी

गजेंद्र दूध आणायला निघाला होता, तेवढ्यात शोभाबाईंनी त्याला जिन्यात गाठलं. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक जुना, चंदेरी रंगाचा डिजिटल कॅमेरा.

"बेटा, तू कॅमेरासनं काम करस ना? यामा त्यासना फोटो शे. एकच शे. तेवढा काढी दे रे."

'त्यासना' म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, लोटूआप्पांचा. दहा महिन्यांपूर्वी यंत्रमागाच्या कारखान्यात सुताची तुटलेली तार जोडता जोडता आप्पा मागाशेजारी खाली बसले, ते उठलेच नाहीत. हा कॅमेरा त्यांनी हौसेने जुन्या बाजारातून घेतला होता. अख्ख्या नवागाम वस्तीचे फोटो काढले, स्वतः मात्र या एकाशिवाय कशातही नाहीत. आधार कार्डावरचा फोटो शोभाबाईंना बघवत नसे, चोर पकडून आणल्यासारखा दिसतो म्हणायच्या. वर्षश्राद्धाला धुळ्याहून भावकी येणार होती आणि भिंतीवर टांगायला माणूसच नव्हता.

"मीच काढेल शे तो," त्या कॅमेऱ्याकडे बघत लाजून म्हणाल्या. "मन्हाकडे दखीसन हसी राहिनात."

गजेंद्र हो म्हणाला. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. गजेंद्र कॅमेरे दुरुस्त करत नसे, बिघडवत असे. दिवसभर साडीच्या प्रिंटिंग युनिटात कॉम्प्युटरवर वेलबुट्ट्या जुळवायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुने कॅमेरे उघडायचा. ज्या चिपवर चित्र उमटतं तिच्या पायांना केसाएवढी तार डकवायची, भलतीच टोकं एकमेकांना जोडायची, बाहेर एक बटण काढायचं. मग फोटो फाटतो. आडव्या पट्ट्या सरकतात, रंग वाहतात, माणसाचा अर्धा गाल आकाशात जातो. याला ग्लिच आर्ट म्हणतात. इंस्टाग्रामवर लोक त्याला नावाजत होते आणि शहराच्या श्रीमंत भागातल्या, वेसूच्या एका कॅफेने भिंतीवर टांगायला चित्रं मागितली होती.

कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं, पण पोटातल्या छोट्याशा मेमरीत तो एकच फोटो होता. मागाशेजारी उभे लोटूआप्पा, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, हातात दोरा कापायची कात्री, नजर थेट समोर. गजेंद्रने तो कॉम्प्युटरवर उतरवला आणि मेमरी पुसून टाकली. जागा हवी होती, कॅमेरा छान होता, पुढे आपल्यालाच कामाला येईल असं त्याच्या मनात आलं. मग त्याला हुक्की आली. फोटोची फाइल अक्षरांत उघडायची, मधली चार-दोन अक्षरं खोडायची, की चित्र आपोआप फाटतं. बघू तरी, म्हणून त्याने खोडली. आप्पांचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांनी विस्कटला. इतका सुंदर विस्कटला की त्याने भान हरपून 'सेव्ह' दाबलं.

कॉपी काढलेली नव्हती.

छातीत धस्स झालं, हे खरं. पण त्याआधी क्षणभर त्याला आनंद झाला होता, आणि त्याला लाज वाटायची ती त्या क्षणाची. कॅफेच्या भिंतीवर तेच चित्र सगळ्यात मोठं लागलं. एक बाई त्यापुढे उभी राहून किती वेळ वाह वाह करत होती.

"मावशी, मेमरी जळी गई. काहीच नही राहिनं," त्याने शोभाबाईंना सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चपलांकडे बघत राहिला.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तू मेहनत तं करी ना. कॅमेरा तुलेच ऱ्हाऊ दे." वर वाटीभर शेव दिली. ती शेव त्याने खाल्ली नाही.

कॅमेऱ्यात त्याने तारा घातल्या आणि भर दुपारी खिडकीतून रिकाम्या गल्लीचा पहिला फोटो काढला. पडद्यावर सगळं फाटलेलं आलं, पाहिजे होतं तसंच. फक्त तळाशी बोटभर रुंदीची एक आडवी पट्टी साफ होती, आणि त्या पट्टीत गल्ली नव्हती. निळ्या चौकड्यांचं कापड होतं.

कॅमेऱ्याला मागाच्या तेलाचा वास येत होता. गरम तेल, सुताची धूळ... लहानपणी बापाच्या अंगाला यायचा तोच वास.

दुसऱ्या फोटोत पट्टी जरा वर सरकलेली होती. तिच्यात कॉलर होती. तिसऱ्यात गळ्याची हाडं. गजेंद्रने कॅमेरा पत्र्याच्या डब्यात टाकला, डबा माळ्यावर टाकला आणि दोन दिवस तिकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की पट्ट्या क्रमाने येताहेत, खालून वर. नाहीतरी आयुष्यभर तुकडेच जुळवत आला होता. त्याने डबा खाली काढला.

आप्पा आपला फोटो परत देत आहेत, असं त्याला वाटलं. वाटून घेतलं म्हणा. कारण त्यात सोय होती. चेहरा पुरा जुळला की मावशीला नेऊन द्यायचा, खोटं बोललो ते पोटातच राहील, कुणाला काही सांगायला नको. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा सुटकाच मोठी होती. दीड महिन्यात हनुवटी आली, पांढरे खुंट आले, मिश्या, नाक, वरून कपाळ आणि तेल लावून बसवलेले केस. मधली एकच पट्टी राहिली, डोळ्यांची.

ती काही येईना. गल्ली झाली, जिना झाला, डिंडोलीचा पूल झाला, आप्पांच्या कारखान्याचं दार झालं. सगळे फोटो नुसते फाटलेले. श्राद्धाला चार दिवस उरले.

त्या दुपारी लाइट गेली. नवागामात लाइट गेली की आधी पंखा बंद होत नाही, आधी आवाज बंद होतो. हजार मागांची खटखट एकदम थांबली आणि कान बधिर झाले. घरी कुणी नव्हतं. त्या शांततेत गजेंद्रला ऐकू आलं, एकच माग चालू आहे. अगदी बारीक.

खट्... खट्... खट्...

आवाज टेबलावरून येत होता. कॅमेऱ्याचं भिंग आपोआप बाहेर आलं होतं, आणि त्याचं तोंड गजेंद्रकडे होतं.

"आप्पा..." तो पुटपुटला. "आप्पा, एवढीच... एवढी एकच द्या. मग मी..."

मग मी काय, ते त्याने सांगितलं नाही. कॅमेरा उचलला, स्वतःकडे वळवला आणि बटण दाबलं. फ्लॅशची तार त्याने पहिल्याच दिवशी कापून टाकली होती. तरी फ्लॅश पडला. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि बाहेर हजार माग एकदम सुरू झाले.

फोटोत एक पट्टी साफ होती. तिच्यात दोन डोळे. गजेंद्रने ती फार निरखली नाही. जागेवर बसवली, आणि चपखल बसली.

श्राद्धाच्या दिवशी फोटो भिंतीवर लागला. लाकडी चौकट, झेंडूचा हार. "जळेल मेमरीमाईन काढं मी, मावशी," तो म्हणाला, आणि जमलेल्या भावकीने त्याच्या पाठीवर थाप मारली. शोभाबाई फोटोपुढे उभ्या राहिल्या. कपाळ, मिशी, शर्ट, सगळ्यावरून त्यांनी पदर फिरवला. मग डावीकडे सरकल्या. मग उजवीकडे.

"बेटा," त्या हळूच म्हणाल्या, "सगळं त्यासनंच शे. पण ते मन्हाकडे दखतस नही."

गजेंद्रने मान वर केली. प्रिंट त्याने स्वतः काढली होती, नजर थेट समोर होती. आता फोटोतली नजर खाली होती. शोभाबाईंच्या चपलांकडे.

"असं नजर चोरनारा माणूस नव्हता तो," शोभाबाई म्हणाल्या. "मी काय करं रे त्यासले?"

तेव्हाच बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं सगळं, ते 'सेव्ह', तो कॅफे, ती वाह वाह करणारी बाई. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि शोभाबाई पदराने डोळे पुसत आत वाढायला गेल्या. त्यांची पाठ वळली, तसे फोटोतले डोळे सावकाश वर उचलले गेले आणि गजेंद्रवर येऊन थांबले. ते डोळे तो रोज सकाळी दाढी करताना बघत आला होता.

"काही सांगी राहिंता का रे?" आतून शोभाबाईंनी विचारलं.

"काही नही, मावशी."

तो जेवायला बसला. फोटोखालीच जागा होती.

पुढच्या आठवड्यात सिमकार्ड बदलायला तो इच्छापोर रोडवरच्या एका मोबाइलच्या दुकानात गेला. ओळखीसाठी चेहऱ्याचा फोटो काढावा लागतो. दुकानदाराने मोबाइल समोर धरला, खाली घेतला, पडदा शर्टाला पुसला, पुन्हा धरला. पुन्हा खाली घेतला. फोटो काही स्वीकारला जात नव्हता.

डोळ्यांच्या त्या पट्टीची किंमत गजेंद्रला आत्ता कळली. इथून शोभाबाईंची खोली रिक्षाने तासाभरावर होती. जाऊन चार वाक्यं बोलायची होती, बाकी काही नाही. पण त्या आपल्याकडे बघतील, हे मनात आलं आणि त्याचे पाय तिथेच राहिले.

"भाई," दुकानदार जरा वैतागून म्हणाला, "आंख खोलो ने."

गजेंद्रचे डोळे टक्क उघडे होते.